मठाचं घर, घराचा मठ

शेगावात घराचा मठ झाला. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी, या दिवशी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक दिगंबर पुरुष बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी पाहिला, ही हकिकत वऱ्हाडात कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. तिच्यातली एक साधी गोष्ट मात्र भक्तीच्या ओघात मागे राहते. त्यानंतर गजानन महाराज जिथं जिथं राहिले, त्यातली एकही जागा मठ म्हणून बांधलेली नव्हती. आधी बंकटलालाचं राहतं घर, व्यापाऱ्याचं, नांदतं-गाजतं. मग गावचं मारुतीचं देऊळ, जे पाटील मंडळींच्या देखरेखीखाली होतं. मग कृष्णाजी पाटलाचा मळा आणि तिथली महादेवाच्या देवळाजवळची छपरी. या जागांचं ना खरेदीखत झालं, ना कुणी त्या धर्मार्थ लिहून दिल्या. माणसं येत राहिली, बसत राहिली, भाकरी-पिठलं घेऊन येत राहिली, आणि घराला, देवळाला, मळ्याला लोक वेगळ्या आवाजात हाक मारू लागले. कायद्याचा कागद आला तो तीस वर्षांनी, १२ सप्टेंबर १९०८ ला, महाराज हयात असताना संस्थानाची रीतसर स्थापना झाली तेव्हा.

याच्या बरोबर उलट घडलेली एक गोष्ट गोव्यात आहे. पणजीहून दोना पावलाच्या अंगानं पुढे गेलं की मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांमध्ये समुद्रात घुसलेलं एक टोक लागतं. त्याचं नाव काबो, म्हणजेच टोक. तिथं आज गोव्याचं राजभवन आहे. समुद्राकडे उघडणारे व्हरांडे, दालनं, बगिचे, पहारे. राज्यपालाचं हे निवासस्थान एके काळी फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ होतं. मठाचं घर कसं होतं आणि झाल्यावर त्यातलं काय उरतं, हा प्रश्न इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या वाड्यांबद्दल नेहमी विचारला जातो. आपल्या मराठी मुलखाला खेटून त्याचं इतकं ठसठशीत उदाहरण उभं असताना आपण मात्र ते पर्यटकाच्या नजरेनं पाहून परततो. या लेखाचं म्हणणं असं आहे, की शेगाव आणि काबो ही एकाच नियमाची दोन टोकं आहेत. वास्तूचा पिंड तिच्या मालकीवरून ठरत नाही, तिच्यातल्या राबत्यावरून ठरतो. राबता म्हणजे नुसती वर्दळ नव्हे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामासाठी, पिढ्यान् पिढ्या पाय त्या उंबऱ्याशी वळणं, हा राबत्याचा जुना अर्थ आहे आणि इथं तोच अभिप्रेत आहे.

काबोची हकिकत मुळापासून पाहावी लागते, कारण ती मठापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते तटबंदीपासून. १५४० मध्ये, वास्को द गामाचा मुलगा इस्तेव्हांव द गामा गोव्याचा गव्हर्नर असताना, नदीमुखांवर नजर ठेवण्यासाठी या टोकावर किल्ला उभारायला घेतला गेला. पाठोपाठ तिथं मेरीमातेचं चॅपेल झालं, नोसा सेन्योरा दो काबो, टोकावरची आमची माता. गोव्याच्या बंदराकडे येणाऱ्या जहाजांना ते लांबून दिसे. सहा-आठ महिन्यांचा समुद्र मागे टाकून आलेल्या खलाशाला जमिनीची पहिली खूण म्हणजे ही देवी. त्या चॅपेलला लागून १५९४ मध्ये फ्रान्सिस्कनांच्या कडक व्रताच्या शाखेनं आपला मठ बांधला. (कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याकडे इंग्रजी शाळा डोळ्यापुढे येते, मूळ शब्द संन्याशांच्या किंवा संन्यासिनींच्या एकत्र राहण्याच्या जागेचा आहे.) जागेची निवड समजण्यासारखी होती. शहरापासून दूर, तीन बाजूंना पाणी, वारा आणि घंटा यांच्याशिवाय आवाज नाही. अडीचशे वर्षांच्या आसपास तिथं संन्यासी राहिले. अधूनमधून राजकारणही तिथं शिरलं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, फ्रेंच गोव्यावर उतरतील या धास्तीनं आलेल्या इंग्रज फौजेचा तळ काबोवर पडला. दोना पावलाजवळचं इंग्रजांचं दफनस्थान त्या मुक्कामाची खूण म्हणून आजही आहे.

मग लिस्बनहून हुकूम आला. पोर्तुगालमधलं यादवी युद्ध उदारमतवाद्यांनी जिंकलं होतं. मठ पराभूत पक्षाच्या बाजूचे म्हणून आणि प्रचंड जमिनी दाबून बसलेले म्हणून त्यांच्या डोळ्यांत सलत होते. मे १८३४ मध्ये मंत्री जोआकिम आंतोनियो द आगियार यानं पुरुषांचे सगळे संन्यासी संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. लोकांनी त्याला जे टोपणनाव दिलं त्याचा अर्थ संन्याशांचा मारेकरी असा होतो. गोव्यात अंमल झाला १८३५ मध्ये. काबोचे संन्यासी गेले, मठ आधी आर्चबिशपच्या वापरासाठी गेला आणि १८६६ पासून गव्हर्नर जनरलचं निवासस्थान झाला. पणजीत मांडवीच्या काठी आदिलशहाचा जुना वाडा होताच, गव्हर्नर तिथूनही कारभार पाही. काबो हे हवा पालटायचं, उन्हाळ्यात राहायचं घर. १९१८ पासून मात्र तेच अधिकृत निवासस्थान झालं. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली, घर भारतीय प्रशासनाकडे आलं, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाल्यावर राज्यपालाचं राजभवन झालं. म्हणजे किल्ला, मठ, पाहुण्या फौजेची छावणी, धर्माधिकाऱ्याचं घर, परक्या राजवटीचा प्रासाद आणि प्रजासत्ताकाचं राजभवन. एका टोकावर पाचशे वर्षांत सहा जन्म झाले. त्या सगळ्यांत अखंड राहिलेली एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे ते चॅपेल. मठाच्याही आधीचं, मठाच्याही नंतरचं.

मठाचं घर करणं इतकं सहज का जमतं, याचं उत्तर श्रद्धेत नाही, आराखड्यात आहे. मठ हे मुळात घरच असतं, फक्त कुटुंब वेगळं. मधे चौक, चौकाभोवती ओसरीसारखा छपराखालचा फेरा, त्याला लागून जेवणाची पंगत बसेल अशी लांब खोली, मुदपाकखाना, कोठार, विहीर किंवा पाण्याची वाट, वर झोपायच्या कोठड्या, दाराशी पाहुण्याची खोली. आपला चौसोपी वाडा ज्यानं पाहिला आहे त्याला हे ओळखू यायला वेळ लागू नये. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० या चार वर्षांत देशभरचे मठ मोडले आणि त्यांच्या जमिनी विकल्या-वाटल्या, तेव्हा विकत घेणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं. विल्टशरमधलं लॅकॉक हे त्याचं स्वच्छ उदाहरण. तेराव्या शतकात एला नावाच्या सरदारणीनं स्थापलेला तो संन्यासिनींचा मठ १५४० मध्ये विल्यम शॅरिंग्टननं विकत घेतला. त्यानं मठाचं चर्च पाडून टाकलं आणि चौकाभोवतीचा फेरा, तळमजल्यावरच्या कमानीदार खोल्या तशाच ठेवून वर आपलं घर बसवलं. प्रार्थनेची जागा राहायला उपयोगाची नव्हती. राहण्याची जागा मात्र तयार मिळाली. तीनशे वर्षांनी याच घरात राहणाऱ्या हेन्री फॉक्स टॅल्बटनं १८३५ मध्ये दालनाच्या जाळीदार खिडकीचं चित्र कागदावर उमटवलं, आणि छायाचित्राचं आजवर टिकलेलं सर्वांत जुनं निगेटिव्ह म्हणून ते ओळखलं जातं. नॉटिंगहॅमशरचं न्यूस्टेड याच्या उलट. तिथं बायरन घराण्यानं घर केलं, पण चर्चची दर्शनी भिंत पाडली नाही. आत काहीच नसलेली ती उंच भिंत घराला चिकटून उभीच राहिली. कवी बायरनच्या वाट्याला हे घर मोडकळीला आलेलं आलं, आणि शेवटी त्याला ते विकावं लागलं.

लॅकॉक आणि काबो शेजारी ठेवले की एक फरक लख्ख दिसतो. शॅरिंग्टननं चर्च पाडलं, कारण त्या चर्चला येणारं माणूस उरलं नव्हतं; तिथं प्रार्थना करणाऱ्या संन्यासिनीच हाकलल्या गेल्या होत्या. काबोचं चॅपेल गव्हर्नरनं पाडलं नाही. ते मठाच्या मालकीचं असलं तरी फक्त मठाचं कधीच नव्हतं. खलाशाचं होतं, आसपासच्या कोळ्यांचं आणि ताळगावकडच्या कुणब्यांचं होतं. मठ रिकामा करणारा हुकूम त्यांना रिकामं करू शकला नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो हलका नाही. राबता वगैरे ठीक, पण ठरवलं ते सत्तेनंच ना? आगियारनं सही केली आणि मठ संपले. हेन्रीनं कायदा केला आणि इंग्लंडमधले शेकडो मठ चार वर्षांत बंद पडले. जागा कुणाची हे तलवार आणि शिक्का ठरवतात, बाकी सगळं मागाहून रचलेलं समाधान. हे खरं मानलं तर जुन्या गोव्यात जे घडलं त्याचा अर्थ लावता येत नाही. एकाच वर्षी, एकाच हुकुमाखाली आलेल्या गोव्यातल्या मठांची गत एकसारखी व्हायला हवी होती. झाली नाही. मोन्ते सांतोवरचा ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ गोव्यातला सर्वांत भव्य. त्याचा मनोरा शेहेचाळीस मीटरचा. १८३५ ला संन्यासी गेले आणि १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. अवघी सात वर्षं. मग दर्शनी भाग गेला, १९३१ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग पडला, आणि आज उरलेलं एक अर्ध टोक आकाशात बोट दाखवत उभं आहे. फ्रान्सिस्कनांचा जुन्या गोव्यातला मठ पुढे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय झाला, १९६४ मध्ये. सांता मोनिका हा संन्यासिनींचा मठ. हुकूम पुरुषांना लगेच लागू झाला, बायकांच्या मठांना मात्र नवी दीक्षा देण्याची मनाई आणि असलेल्यांना मरेपर्यंत मुभा. तिथली शेवटची संन्यासिनी १८८५ मध्ये वारली. तोवर एका मोठ्या वास्तूचा श्वास मोजक्या म्हाताऱ्या बायकांच्या पावलांवर चालू होता. त्यानंतर तिथं लष्कर राहिलं, आणि १९६४ पासून पुन्हा संन्यासिनींच्या शिक्षणाची संस्था आली. आगशीकडच्या वाटेवरचा पिलारचा मठ तर याहून बोलका. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काबोच्याच पंथाच्या संन्याशांनी तो बांधला, १८३५ मध्ये तोही ओस पडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातल्याच धर्मगुरूंनी काढलेल्या मिशनरी संघानं तिथं पाऊल ठेवलं. आज तो संघ पिलारच्याच नावानं ओळखला जातो. एक हुकूम, एक वर्ष, आणि चार वेगवेगळी नशिबं. हुकमानं दार उघडलं, इतकंच. आत कोण येणार आणि काय करणार, हे हुकमात लिहिलेलं नव्हतं.

ऑगस्टिनियनांचं छत सात वर्षांत का पडलं, याला एक अगदी घरगुती कारण आहे. कोकणातल्या पावसात जांभ्याची आणि चुन्याची इमारत दर वर्षी हात मागते. पन्हळी साफ करणं, कौलं बदलणं, भिंतीच्या सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप कोवळं असतानाच उपटणं. हे काम मालक करत नाही, राहणारा करतो. सरकार मालक होतं, पण राहणारं कुणी नव्हतं. काबोवर राहणारा आला आणि काबो वाचलं. म्हणून मठाचं घर होणं हा मठाचा शेवट असतो, असं सरसकट म्हणता येणार नाही. कित्येकदा घर होणं हेच वाचणं असतं.

पण सत्तेच्या आक्षेपाची दुसरी बाजू अधिक जड आहे आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. संन्याशांवर १८३५ मध्ये अन्याय झाला असेल. तो तिथला पहिला अन्याय नव्हता. काबो ज्या तिसवाडीच्या टोकावर आहे, तिथली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचं उत्पन्न १५४१ मध्ये चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं. मेरीमातेचं चॅपेल उभं राहिलं ते याच वर्षांत. फ्रान्सिस्कनांच्या पोटात गेलेला घास दुसऱ्या कुणाच्या तरी पानातला होता. मग जप्तीवर जप्ती झाली, त्यात हळहळण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर त्याचा राग समजतो. या रागाला उत्तर देण्याऐवजी त्या काळातल्या लोकांनी स्वतः काय केलं ते पाहणं अधिक उपयोगाचं आहे. सासष्टी-तिसवाडीतल्या लोकांनी देवळांच्या पायाच्या दगडांना कवटाळून बसणं पसंत केलं नाही. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये नदी ओलांडून प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. त्या काळी फोंडा परिसर पोर्तुगिजांच्या अमलाबाहेर होता. गौडपादाचार्यांचा सारस्वतांचा मठही मूळ जागी उद्ध्वस्त झाल्यावर पुढे कवळ्यालाच उभा राहिला. जागा मागे राहिली आणि मठ पुढे गेला, कारण मठ त्यांच्या लेखी भिंतीत नव्हता, उपासनेच्या क्रमात होता. आज मंगेशीला किंवा कवळ्याला जाणारा माणूस मूळ जागेचा उल्लेख आदरानं करतो, पण त्याला देवाचं पावित्र्य उणं झाल्यासारखं वाटत नाही. साडेचारशे वर्षांचा राबता नव्या जागेला मूळ करून गेला.

आणि इथं शेगावकडे पुन्हा वळायला हवं, कारण राबता कागदावर कसा उतरतो हे शेगावात फार नीट दिसतं. दासगणूंनी १९३९ मध्ये महाराजांवर लिहिलेल्या एकवीस अध्यायांच्या पोथीत सरकारकडून समाधीच्या जागेसाठी जमीन मिळाल्याची हकिकत येते. जमीन मिळाली तो काळ वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे येऊन पन्नासहून अधिक वर्षं झाल्याचा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं होतं आणि पाठोपाठ खामगाव, जळगाव (जामोद) हे तालुके बुलढाण्यात आले होते. परकं सरकार, निजामाचा नावापुरता हक्क, आणि मधे एक कापसाचं गाव. इथं सरकारनं जप्त केलं नाही, दिलं. का दिलं, याचं उत्तर त्या राबत्यात आहे. तीस वर्षं ज्या गावात हजारो माणसं येऊन जात होती, तिथल्या पंचांनी मागणी केली तेव्हा ती एका साधूची मागणी राहिली नव्हती. ८ सप्टेंबर १९१०, ऋषिपंचमी, या दिवशी महाराजांनी देह ठेवला. समाधी भुयारात, वर राममंदिर. पोथी महाराजांच्या मागून मठात बसलेल्या बाळाभाऊंचा आणि त्यांच्यानंतर नांदुऱ्याच्या नारायणांचा उल्लेख करते, पण व्यवहार टिकला तो विश्वस्तांच्या हाती. गुरूची गादी आणि जमिनीचा सातबारा वेगवेगळ्या हातांत राहिले. महाराष्ट्रातले कितीतरी मठ वारसांच्या भांडणात कोर्टाच्या पायऱ्या झिजवत असताना हा निर्णय किती दूरचा होता, हे वेगळं सांगायला नको.

बंकटलालाचं घर मात्र घरच राहिलं. बंकट सदन म्हणून भाविक तिथं जातात, हात जोडतात, पण तो मठ झाला नाही. महाराज तिथं राहिले, तिथून निघाले, आणि रोजचा राबता त्यांच्या मागे गेला. घराच्या वाट्याला आली ती आठवण. मळ्याचंही तसंच. म्हणजे एखाद्या संताचा पाय लागला म्हणून जागा कायमची मठ होते, असंही नाही. पाय लागतो तिथं स्मारक होतं. मठ होतो तो पुढच्या पिढ्यांचे पाय जिथं रोज लागतात तिथं. मंदिरात रोज ठरल्या वेळी होणारी काकड आरती, दुपारचा ज्वारीच्या भाकरीचा आणि पिठल्याचा प्रसाद, आषाढीला पंढरपूरकडे पायी निघणारी पालखी, हजारो सेवेकऱ्यांनी आळीपाळीनं केलेली झाडलोट. या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं. मंदिरात झाडू मारायला येणारा सेवेकरी गावोगावचा शेतकरी, शिक्षक, दुकानदार असतो. मालक कोण, हे त्याला विचारावंसं वाटत नाही, आणि तरी ती वास्तू त्याचीच असल्यासारखी तो ती राखतो. मोन्ते सांतोच्या छतावर नेमका हाच माणूस नव्हता.

आता दुसरा आक्षेप, जो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. राबत्यावरून जागेचा पिंड ठरतो असं एकदा म्हटलं, की ज्याच्याकडे आज गर्दी जास्त त्याची जागा, असा अर्थ काढायला कुणाला वेळ लागणार नाही. मग कुणाच्याही उंबऱ्यावर चार दिवस भजन करायचं आणि राबता आमचा म्हणायचं. या आक्षेपाला महाराष्ट्रातल्याच दोन जागा उत्तर देतात. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यावर सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी आपला मठ आणि चॅपेल उभारलं. शिवाची शिल्पं आड गेली. दोनशे वर्षं त्यांचा राबता होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, साष्टीतली पोर्तुगीज सत्ता गेली, आणि लेण्यात पुन्हा महादेवाची पूजा सुरू झाली. तोच डोंगर, दोन्ही अवशेष आजही एकावर एक. जुन्नरजवळचं लेण्याद्री याहून जुनं. ते बौद्ध भिक्षूंचं वसतिस्थान. सातव्या लेण्यातला मोठा विहार, भोवती वीस कोठड्या. भिक्षू गेल्यावर शतकांनंतर तिथंच गिरिजात्मज गणपती आला आणि अष्टविनायकांत गणला जाऊ लागला. इथं कुणी कुणाला हाकलल्याची नोंद नाही. रिकाम्या घरात दुसरा राहायला आला. मंडपेश्वरात हाकलणं होतं, दोन्ही वेळा. फरक तिथंच आहे. राबता जबरदस्तीनं निर्माण करता येत नाही. जबरदस्तीनं ताबा घेता येतो, आणि ताबा हा राबत्याच्या उलट शब्द आहे. ताब्यात पाय इतरांचे थांबतात, राबत्यात ते येऊ दिले जातात. राबता हा जागेचा पिंड ओळखायचा मार्ग आहे, मालकीचा दावा सांगायचा नव्हे. दाव्यासाठी कायदा आहे. १९९१ च्या कायद्यानं १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी जी जागा ज्या धर्माची होती तीच ती राहील असं ठरवलं, तेही याच धोक्याची जाणीव असल्यामुळे. इतिहासाचा राबता वाचायला शिकणं आणि इतिहासाचा बदला मागणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मठाच्या जमिनी गिळणाऱ्यांना शाप लागतो, असं मानणारा एक विचारप्रवाह इंग्लंडमध्ये होता. सतराव्या शतकातला विद्वान हेन्री स्पेलमननं मठांच्या जमिनी घेतलेल्या घराण्यांची दुर्दशा गोळा करून पुस्तक लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६९८ मध्ये छापलं गेलं. वंश बुडाले, मुलं मेली, घरं जळली, अशी यादीच्या यादी. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात बांधल्या, तेव्हा तशी भीती कुणाला वाटल्याचं दिसत नाही. घंटेचं काम घंटेनं चालू ठेवलं. चर्चमध्ये माणसांना बोलावणारी घंटा देवळात माणसांना बोलावू लागली. स्पेलमनच्या यादीवर विश्वास ठेवायचं कारण नाही, पण त्याच्या अस्वस्थतेवर ठेवायला हवा. मठातून घर करणाऱ्याच्या मनात खोलवर काहीतरी खुपत राहतं, कारण त्याला माहीत असतं की ही वास्तू आपल्यासाठी बांधलेली नाही. न्यूस्टेडची ती पोकळ भिंत बायरनांनी का पाडली नाही, याचं सरळ हिशेबी उत्तर मिळत नाही. दगड विकून पैसे आले असते.

काबोवर ही खुपणारी भिंत नाही. तिथं चॅपेल आहे, आणि त्याला छप्पर आहे, आणि त्यात दिवा लागतो. राजभवन म्हणजे सुरक्षा. एरवी तिथं सामान्य माणसाला सहज जाता येत नाही आणि ते समजण्यासारखंही आहे. पण १५ ऑगस्टला काबोच्या मातेचं फेस्त असतं आणि त्यासाठी चॅपेल लोकांना खुलं होतं. ही तारीख स्वातंत्र्यदिनाच्या आधीची, कॅथलिकांमध्ये मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची; योगायोगानं ती भारताचीही झाली. फौजेच्या छावणीच्या, मठाच्या आणि गव्हर्नरच्या उन्हाळी घराच्या काळात टिकून राहिलेली ही जत्रा प्रजासत्ताकाच्या काळात राष्ट्रीय सणाच्या दिवशी येऊन थांबली. राज्यपालांच्या पहाऱ्यावरून त्या दिवशी जी माणसं आत येतात, त्यांच्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे याच वाटेनं याच दिवशी इथं आले असतील, मठात संन्यासी असताना किंवा नसताना. त्यांना राजभवन पाहायचं नसतं. टोकावरच्या मातेपुढे मेणबत्ती लावायची असते, आणि खाली समुद्रात, किनाऱ्याला लागायला निघालेल्या होड्या तिच्याच दिशेनं नाक करून येत असतात.